बालरोगशास्त्राच्या विभागप्रमुखांना खुले पत्र: पीजींना दहा दिवस शाळेत पाठवा

आदरणीय विभागप्रमुख सर, मॅडम, आणि बालरोगतज्ज्ञ संघटनेतल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यात, ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकवीस वर्षं लहान मुलांचा दवाखाना चालवते. तुमच्यापैकी काहींच्या हाताखाली मी शिकले, काहींबरोबर एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, रात्री काढल्या. हा विषय मी याआधी तीनदा काढून पाहिलाय. तिन्ही वेळा कॉन्फरन्समध्ये, जेवणाच्या रांगेत, आणि तिन्ही वेळा पनीरच्या भांड्यापर्यंत पोचेस्तोवर तो संपला. म्हणून आता उघड पत्र.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना राउंडला जायचंय त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. एमडी पेडियाट्रिक्सच्या प्रत्येक पीजीला, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्याला, तीन वर्षांत निदान दहा दिवस शाळेत पाठवा. भाषण द्यायला नको, शिबिराला नको. शिकायला पाठवा.

का, ते सांगण्यासाठी माझीच एक चूक सांगावी लागेल.

चार वर्षांपूर्वी तिसरीतल्या एका मुलीला घेऊन तिची आई आली. तक्रार काय, तर अभ्यासात ध्यान नाही, बाई रोज बोलतात. पापण्या आतून पांढुरक्या होत्या, हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. मी लोहाचं औषध लिहिलं, जंताची गोळी दिली, पालेभाजी-गूळ-शेंगदाणे सांगितले. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं. ध्यान होतं तिथंच. मी आईला म्हटलं, घरी जरा बसवत जा अभ्यासाला, मोबाइल देऊ नका. आईनं मान हलवली. त्या घरात मुलांच्या हाती पडेल असा मोबाइल नव्हता, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

तिसऱ्या खेपेला आईच्या हातात वहीचं फाडलेलं पान होतं. वर्गशिक्षिकेनं लिहिलेलं. अक्षर फळ्यावरच्यासारखं गोल, सुटं. मजकूर असा होता: ही मुलगी सगळ्यांबरोबर कविता म्हणताना मध्येच थांबते. मुलं पुढे जातात. आठ-दहा सेकंदांनी ती परत म्हणू लागते, पण मुलं असतात तिथून नाही, तिनं सोडलेलं असतं तिथून. काल दिवसभरात चौदा वेळा मोजलं. खिचडी खाताना घास हातात तसाच राहतो.

मी ते पान उभ्यानंच वाचलं. टेबलावर जत्रेतली कागदी भिंगरी होती, रडक्या पोरांसाठी ठेवलेली. मुलीला म्हटलं, फुंक मारत राहा, थांबायचं नाही. दीड मिनिटानंतर फुंक थांबली. भिंगरी दोन गिरक्या घेऊन थांबली. डोळे उघडे, पापण्या बारीक फडफडताहेत, समोर कोणी नाही. मग तिनं पुन्हा फुंकायला सुरुवात केली, मधे काही घडलंच नाही अशी. ॲबसन्स एपिलेप्सी, काही सेकंद भान हरपणारी मिरगी. पुढे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, झाला, औषध सुरू झालं, महिन्याभरात झटके थांबले. निदान सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "म्हणजे पोरगी लबाडी करत नव्हती."

ईईजीतल्या त्या सेकंदाला तीन लहरी मी एमडीच्या परीक्षेत बिनचूक काढून दाखवल्या होत्या. जोरानं श्वास घ्यायला लावला की हा झटका येतो, हेही पाठ होतं. पण माझ्यासमोर जे दोनदा आलं आणि मला दिसलं नाही, ते डीएड झालेल्या एका बाईंनी चौदा वेळा मोजलं होतं. मी त्याला नाव तेवढं दिलं.

आता केसपेपरची पहिली ओळ आठवा. माहिती देणार: आई. विश्वासार्हता: चांगली. कधी वडील, कधी आजी. माझ्या एमडीच्या तीन वर्षांत मी एकाही केसपेपरवर 'माहिती देणार: वर्गशिक्षिका' असं लिहिलेलं पाहिलं नाही, आणि पीजीनं तसं लिहिलं असतं तर राउंडला हशा पिकला असता. शाळेच्या दिवशी सहा वर्षांचं मूल जागेपणीचा जवळपास अर्धा वेळ शाळेत असतं. चालताना धाप लागते का, फळ्यावरचं उतरवताना शेजारच्याच्या वहीत डोकावतं का, दुपारनंतर डोकं धरून बसतं का, पाणी पिऊन पुन्हा पुन्हा लघवीला पळतं का, हे सगळं पाहणारं एक माणूस आहे, तेही चाळीस मुलांशी तुलना करून पाहणारं. आई बिचारी तिच्या एका किंवा दोन मुलांशी तुलना करते. त्या माणसाला विचारायचं असतं, हे आपण शिकवतच नाही.

शालेय आरोग्य म्हटलं की मला एकच उत्तर तोंडपाठ होतं: भारतात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोद्यात झाली. पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) व्हायवाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा, हमखास प्रश्न. सयाजीरावांचं बडोदं, म्हणून जरा छाती काढून सांगायचं, की परीक्षक पुढच्या प्रश्नावर. १९४६ च्या भोर समितीनं शालेय आरोग्यसेवा देशात जवळपास नाहीतच असं नोंदवलं आणि १९६० मध्ये रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली वेगळी समिती नेमली गेली, हेही ओळीनं म्हणता यायचं. एमबीबीएसला हा विषय पीएसएमवाल्यांचा होता, म्हणजे आमचा नव्हता. एमडीला आल्यावर तो कोणाचाच राहिला नाही.

आणि असं नाही की शाळेत काही चालत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं, अंगणवाडीत वर्षातून दोन तपासण्या, शाळेत एक. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता आणि गाडी. तपासायचं काय, तर जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची आणि रक्ताची कमतरता, वाढ-विकासातला उशीर. यातला एक तरी शब्द आपल्या विषयाबाहेरचा आहे का? तरी या पथकाबरोबर एक अख्खा दिवस घालवलेला बालरोगतज्ज्ञ मला आमच्या जिल्ह्यात सापडला नाही. मीही त्यातलीच होते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या पथकातल्या डॉक्टरबाई औषधाच्या दुकानात भेटल्या आणि सहज म्हणाल्या, "मॅडम, एक दिवस येता का आमच्याबरोबर?" गेले.

जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, त्या दिवशी हजर १३८ मुलं. खिचडीची सुट्टी वगळून अडीच तास हाताशी, दोन डॉक्टर. गणित करा, एका मुलामागे दोन मिनिटं जेमतेम. त्या दोन मिनिटांत डोळे, दात, कान, त्वचा, छाती, मणका, वजन, उंची आणि रजिस्टर. मी बरोबर स्टेथोस्कोप नेला होता, आणि व्हरांड्यात एवढा गलका होता की पहिल्या दहा मुलांत मला स्वतःच्या कानांवरच भरवसा राहिला नाही. डॉक्टरबाईंनी मुख्याध्यापकांना सांगून कपाटांच्या आडोशाची एक खोली मिळवली, तेव्हा कुठं ठोके ऐकू आले. हे त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

दृष्टी तपासायचा तक्ता खांबाला टांगलेला. रांगेतली पोरं पुढच्याचं ऐकून उत्तर पाठ करत होती. चौथीतला एक पोरगा तर तक्त्याकडे न बघताच वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असं धडाधड बोटं दाखवून मोकळा झाला. डॉक्टरबाई उठल्या, त्यांनी तो इंग्रजी ई अक्षराचा तक्ता उलटा टांगला आणि त्याला परत उभं केलं. दुसऱ्या ओळीतच गाडं अडलं. तो पोरगा वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, कारण उंच होता.

आणखी एक पाहिलं. वजनकाटा त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. आकडा त्या वाचायच्या आणि न बोलता लिहायच्या. मला आमची शिबिरं आठवली. पीटीचे सर काट्याशेजारी उभे राहून खणखणीत आवाजात ओरडायचे, "अठ्ठावन्न!", आणि सातवीतल्या त्या मुलीच्या मागे रांगभर खसखस. मी तिथेच खुर्चीवर बसून आकडा लिहून घेत होते.

ही पथकातली माणसं बीएएमएस आहेत, बीएचएमएस आहेत, कंत्राटावर आहेत. त्यांची रेफरल चिठ्ठी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत आली की आपले पीजी एकमेकांकडे बघून काय म्हणतात, ते मी ऐकलंय. माझ्या वेळी मीही म्हटलंय. ज्या मर्मरला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधल्या जादा आवाजाला, काही अर्थ नसतो तो ऐकून मूल सत्तर किलोमीटर पाठवलं, म्हणून आपण हसतो. तो मर्मर कुठल्या गलक्यात, किती मिनिटांत ऐकला, हे एकदा स्वतः अनुभवलेला पीजी हसणार नाही. कदाचित चिठ्ठीच्या मागे दोन ओळी लिहील: काळजीचं कारण नाही, खेळू द्या, पुन्हा पाठवायची गरज नाही. आज ती चिठ्ठी परत जातच नाही. मग पुढच्या वर्षी तेच मूल, तोच मर्मर, नवी चिठ्ठी.

उलटंही होतं. दोन वर्षं जुनी, घडीवर फाटलेली अशी एक चिठ्ठी माझ्याकडे आली होती. नऊ वर्षांचा मुलगा, हृदयाला खरोखर छिद्र. चिठ्ठी पावसाळ्यात मिळाली. जिल्ह्याला ज्या दिवशी इको (हृदयाची सोनोग्राफी) होणार त्या दिवशी बापाला रोजगार होता. दिवाळीनंतर कोयता घेऊन सगळं घर कारखान्यावर गेलं, ते उन्हाळ्यात परतलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वर्गशिक्षक बदलले होते. दुसरं वर्षही तसंच गेलं. शस्त्रक्रिया या कार्यक्रमातून मोफत होते, आणि त्याचीही झाली शेवटी. पण आमच्या भागात नोव्हेंबर ते एप्रिल पट कागदावर असतो आणि मुलं फडात असतात. शहरातल्या वॉर्डात 'पेशंट फॉलोअपला आला नाही' असा शेरा मारणाऱ्या पीजीला हे वेळापत्रक माहीत असायला हवं. ते कुठल्याच पुस्तकात नाही, शाळेच्या हजेरीपटात मात्र स्वच्छ दिसतं.

आता एक फुकटची गोष्ट सांगते. तुमच्या ओपीडीत शाळकरी मूल आलं की सांगा, पुढच्या वेळी प्रगतिपुस्तक घेऊन या. मार्क बघायला नव्हे. त्यात दर सत्राला उंची आणि वजनाचा रकाना असतो. हो, मला ठाऊक आहे की बरेच ठिकाणी तो अंदाजपंचे भरतात. दुसऱ्या सत्रात पहिल्यापेक्षा दोन सेंटिमीटर ठेंगणी झालेली मुलं मी पाहिलीत. पण जिथं गुरुजी भिंतीवर खडूनं खुणा करून नीट मोजतात, तिथं तुमच्या हातात तीन-चार वर्षांचा वाढीचा आलेख आयता येतो. तापासाठी आलेल्या सहावीतल्या एका मुलाची प्रगतिपुस्तकं मी मागवली. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढ हवी. याची दोन वर्षांत मिळून चार. आकडे संघटनेच्या २०१५ च्या वाढ-तक्त्यावर मांडले तर रेघ सरळ खाली उतरत होती. थायरॉइड. रकाना चार वर्षं भरला जात होता. गुरुजींना कोणी सांगितलं नव्हतं की याचं पुढं काय करायचं, आणि मला कोणी सांगितलं नव्हतं की असा रकाना असतो.

आपल्या सर्टिफिकिटांबद्दलही बोलायला हवं. शाळेशी आपला सगळा पत्रव्यवहार म्हणजे दोन ओळींचं सर्टिफिकीट: आजारी होता, आता तंदुरुस्त आहे. दम्याच्या एका मुलाला मी एकदा लिहून दिलं, 'श्रमाचे काम टाळावे'. त्या वेळी दम लागलेला होता, आठवड्यापुरतं म्हणायचं होतं. तारीख लिहिली नाही. शाळेनं तो कागद फायलीत जपून ठेवला आणि पोरगं पुढची दोन वर्षं खो-खोच्या वेळी लिंबाखाली चपला राखत बसलं. दमा आटोक्यात असलेल्या मुलानं खेळायला हवं, हे मला माहीत होतं आणि शाळेला माहीत नव्हतं. दोघांच्या मधे माझाच कागद होता. कांजण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरली की शाळेत पाठवा, डोक्यात उवा झाल्या म्हणून घरी बसवू नका, मिरगी येणाऱ्या मुलाला झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर गाडी बोलवा. टाइप वन मधुमेहाचं मूल घामाघूम होऊन चिडचिड करायला लागलं तर आधी तीन चमचे साखर, मग चौकशी, आणि एकटं घरी पाठवू नका. हे मराठीत, तारखेसह, एका पानावर लिहायला पीजीला किती वेळ लागेल? दहा मिनिटं. कसं लिहायचं ते मात्र त्याला शिकवावं लागेल. डिस्चार्ज कार्ड आपण शिकवतोच की.

सोमवारच्या गोळ्यांचं सांगते आणि मग मागणीकडे येते. लहान वर्गांना गुलाबी, मोठ्या वर्गांना निळी, लोह आणि फॉलिक ॲसिडची, आठवड्याला एक, जेवणानंतर. एका शाळेत खिचडीला उशीर झाला आणि गोळ्या आधी वाटल्या. एक मुलगी ओकली, तिला बघून दुसरी, मग निम्मा वर्ग पोट धरून बसला. ट्रॅक्टरमधून पोरं रुग्णालयात आली. सगळी सुखरूप होती, संध्याकाळी घरी गेली. पण त्या शाळेत पुढे वर्षभर गोळ्या कपाटातच राहिल्या, मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, मला नोकरी करायची आहे." त्यांना कोणीतरी शेजारी बसून समजवायला हवं होतं आणि पुढच्या सोमवारी वर्गात उभं राहून स्वतः गोळी खाऊन दाखवायला हवी होती. तो अर्धा तास आपल्यापैकी कुणाचा असायला हवा होता? गोवर-रुबेलाच्या मोहिमेत, नोव्हेंबर २०१८ मध्ये, आपण हे केलंय. पालक सभांना गेलो, अफवांना उत्तरं दिली, शाळेच्या पटांगणात सुईच्या टेबलाशेजारी उभे राहिलो. मोहीम संपली, आपण परत आलो.

तर मागणी. यासाठी नवा अभ्यासक्रम मंजूर होण्याची वाट पाहायची गरज नाही. जिल्हा निवासी कार्यक्रम, ज्याला आपण सगळे डीआरपी म्हणतो, तो २०२० च्या नियमांनी आलाच आहे. तिसऱ्या ते पाचव्या सेमिस्टरमध्ये प्रत्येक पीजी तीन महिने जिल्ह्याच्या रुग्णालयात जातो. प्रत्यक्षात काय होतं, तुम्हीही जाणता. नवजात शिशू कक्षाच्या रात्रपाळ्यांची भर पडते आणि उरलेल्या वेळात थिसिस. त्या नव्वद दिवसांतले दहा मागतेय. पाच दिवस बाल स्वास्थ्य पथकाच्या गाडीत, त्यांच्या हाताखाली. हो, हाताखाली, वजनकाटा कुठं ठेवायचा ते त्यांच्याकडून शिकायचं. दोन दिवस जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, जिथं त्या चिठ्ठ्या पोचतात किंवा पोचत नाहीत. दोन दिवस एकाच वर्गात मागच्या बाकावर बसून, काहीही न तपासता. शेवटच्या दिवशी एक न पोचलेली चिठ्ठी घ्यायची आणि त्या मुलाच्या घरापर्यंत चालत जायचं. जिल्हा शल्यचिकित्सकांशी आणि शिक्षणाधिकाऱ्यांशी तुम्ही बोललात तर हे होतं. लॉगबुकात एक पान वाढवा. आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे परीक्षक म्हणून जाल तेव्हा व्हायवात एक प्रश्न विचारा: या मुलाच्या वर्गशिक्षिकेला पत्र लिहा. परीक्षेत विचारलं की वर्षभरात सगळे शिकतात, हा आपला धर्मच आहे.

मागच्या बाकावर दोन दिवस कशाला, असं एका मित्रानं विचारलं. त्याला म्हटलं, तू शेवटचा शाळेत कधी बसलास? लिहिता-वाचताना अडखळणारं मूल पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्याच्या शेजारी बसून त्याची वही पाहणं वेगळं. अध्ययन अक्षमतेच्या मुलांना परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्रानं १९९६ मध्येच पाऊल उचललं, आणि मुंबईत शीवच्या रुग्णालयात बालरोग विभागानंच हे काम उभं केलं. आपल्याच विषयाचा हा अभिमानाचा भाग आहे. पण आमच्या तालुक्यात ते मूल अजून 'ढ' आहे. कोणी ओळखलंच तर नववीत ओळखतं, दहावीच्या सवलती कळल्यावर.

आक्षेप मला माहीत आहेत. वॉर्डात माणसं कमी आहेत, दहा दिवस कुठून काढणार? खरं आहे. डीआरपीतला पीजी तसाही तुमच्या वॉर्डात नसतो, म्हणून तिथले मागितले. दुसरं, शाळा हे बालरोगतज्ज्ञाचं काम नाही. जपानमध्ये १९५८ पासूनचा कायदा आहे, प्रत्येक शाळेला नेमलेला डॉक्टर असतो. आपल्याकडे तेवढे बालरोगतज्ज्ञ नाहीत, होणारही नाहीत, आणि मी ते मागतही नाही. आयुष्मान भारतच्या शालेय कार्यक्रमात २०२० पासून शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून तयार करायचं ठरलंय, वयात येण्यापासून व्यसनांपर्यंत अकरा विषय त्यांनी वर्गात घ्यायचे आहेत. काम ते करतील. त्यांना अडलं तर फोन कोणाला करायचा, एवढाच प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप कोणी उघड घेत नाही, म्हणून मीच घेते. शाळेत जाणं म्हणजे पेशंट मिळवणं. आम्ही घेतलेली शिबिरं आठवून मला आज लाज वाटते. मोठा बॅनर, त्यावर आमचे फोटो, दात घासा-हात धुवा असं वीस मिनिटांचं भाषण, आणि शेवटी मुलांना क्रीमची बिस्किटं. जंक फूड खाऊ नका हे सांगून झाल्यावर. खासगी शाळांत तर तपासणीचं पॅकेजच असतं, कार्डावर दवाखान्याचा पत्ता छापलेला. संघटनेच्या सहकाऱ्यांना माझी विनंती याच जागी आहे. आपल्या शाखेनं साधा नियम करावा: शाळेत जाताना व्हिजिटिंग कार्ड न्यायचं नाही, बॅनर लावायचा नाही, मुलांसोबतचा फोटो कुठे टाकायचा नाही, आणि एकाच शाळेत वर्षभर जायचं. दहा शाळांत एकेकदा गेल्यानं शाखेचा अहवाल भरतो, बाकी काही होत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये राज्यपालांनी शाळेच्या वेळा बदलायला सांगितलं, मुलांची झोप होत नाही म्हणून. पुढच्या वर्षी शासनाचा निर्णय आला, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. झोप हा कोणाचा विषय? आमच्या जिल्हा शाखेच्या बैठकीत त्यावर एक वाक्य झाल्याचं मला आठवत नाही. त्या महिन्यात आमच्याकडे व्याख्यान होतं नव्या अँटिबायोटिकवर. जेवण चांगलं होतं.

पथकाबरोबर गेले त्या पावसाळ्यातल्या ऑगस्टपासून मी दर गुरुवारी दुपारी एकाच शाळेत जाते. तीच १३८ मुलांची. पहिले दोन महिने शिक्षकांना वाटत होतं की मी काहीतरी मागायला आलेय. आता मधल्या सुट्टीत बाई पाटीभर प्रश्न घेऊन बसतात, कधी माझ्या कामाचे, कधी त्यांच्या सासूच्या गुडघ्याचे. मुलं मला 'सुईवाल्या मॅडम' म्हणायची, ते आता थोडं कमी झालंय.

तुमच्यापैकी कोणाला हा प्रयोग करून पाहायचा असेल तर माझ्या तालुक्यापासून सुरुवात करा. दोन पीजींच्या राहण्याची सोय दवाखान्याच्या वरच्या खोलीत होईल, डबा घरचा. जूनमध्ये पाठवू नका, प्रवेशाची आणि पुस्तकवाटपाची धांदल असते. दिवाळीनंतर अर्धी मुलं फडावर असतात. ऑगस्टचा पहिला पंधरवडा उत्तम. दहा तारखेला जंतनाशक दिन असतो, पथकही जोरात असतं आणि दुपारी पाऊस आला तर वर्गातच बसावं लागतं, ते बरंच. येताना इंचपट्टी आणावी, शाळेतली तुटलीय. आणि आल्यावर आधी तिसरीच्या बाईंना भेटावं, मग मला.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक बालरोगतज्ज्ञ